भाडेकरू हा ग्राहक आहे का? मुनिरकामधून ग्राहक संरक्षण कायद्याची चिकित्सा

आर्थिक ताणाच्या काळात ग्राहक कसा वागतो, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेले आहे : तो मोठी खरेदी पुढे ढकलतो, स्वस्त पर्याय शोधतो, लहान पुडे घेतो. त्यानंतर ग्राहक संरक्षणाचे स्वतंत्र प्रकरण येते आणि त्यात हक्कांची यादी असते. या दोन प्रकरणांमध्ये एक मोठा खर्च बहुधा हरवतो, तो म्हणजे घरभाडे. उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील भाड्याचा वाटा मोठा, हे बर्लिनमधील संख्याशास्त्रज्ञ हेरमान श्वाबे यांनी १८६८ मध्येच मांडले होते. तेल-साबणासारखी भाड्यात काटकसर करता येत नाही. एकाच खोलीत आणखी एक जण घ्यायचा किंवा गावी परतायचे, एवढेच मार्ग उरतात. म्हणून संरक्षणाची कसोटी भाड्याच्या व्यवहारावर लावून पाहणे योग्य ठरते.

मुनिरकामधील व्यवहार

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील, शहराने वेढलेले जुने गाव. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ त्याला लागून आहे, आयआयटीही जवळ. शेतजमिनी संपादित झाल्यावर येथील कुटुंबांकडे मुख्यतः ‘लाल डोऱ्या’च्या आतील घरे उरली. लाल डोरा म्हणजे महसुली नकाशावर गावठाणाभोवती ओढलेली हद्दीची रेघ. त्या घरांवर मजले चढले आणि भाडे हेच अनेकांचे उत्पन्न झाले. त्यामुळे येथील घरमालक सरसकट बडा भांडवलदार नाही, हे लक्षात ठेवावे.

अशा वस्त्यांत खोलीचा करार पुष्कळदा तोंडी असतो. कागद असलाच तर तो ११ महिन्यांचा, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. विजेसाठी घरमालकाचा उपमीटर आणि त्याने ठरवलेला दर. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०१९ पासून घरगुती ग्राहकांना महिना २०० युनिटपर्यंत वीज मोफत केली, पण उपमीटरवरील भाडेकरूपर्यंत ती आपोआप पोहोचत नव्हती. म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाडेकरूंसाठी वेगळ्या मीटरची योजना आली. तिच्यासाठी भाडेकरार किंवा पावती हवी होती. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्यासाठी योजना असून नसल्यासारखी.

कायद्यातील फट

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा १९८६ च्या कायद्याच्या जागी २० जुलै २०२० पासून, म्हणजे महासाथीच्या ऐन काळात, अमलात येऊ लागला. त्यातील ‘सेवे’च्या व्याख्येत वीजपुरवठा, घरबांधणी आणि निवास-भोजन यांचा समावेश आहे. नुसती खोली भाड्याने देणे मात्र त्यात स्पष्टपणे नाही, आणि घरमालकाविरुद्ध भाडेकरू हा ‘ग्राहक’ ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली दिलेला आहे. परिणाम विचित्र होतो. एकाच गल्लीत जेवणासह राहणारी पेइंग गेस्ट विद्यार्थिनी ग्राहक म्हणून दाद मागू शकते, शेजारच्या खोलीतील भाडेकरू नाही.

याच कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही नवी संकल्पना आणली. ग्राहकाकडून उघडउघड अवाजवी अनामत रक्कम घेणे, हे तिचे पहिलेच उदाहरण आहे. भाडेकरूची रोजची तक्रार नेमकी हीच, तरी तो या तरतुदीबाहेर राहतो. जो ग्राहक ठरतो, त्यालाही अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात करता येत नाही. राज्य आयोगात जावे लागते.

यावर एक सबळ आक्षेप आहे : भाड्याचे प्रश्न भाडे नियंत्रण कायद्याने सोडवावेत, ग्राहक कायद्याने नव्हे. तत्त्वतः हे मान्य करता येईल. पण दिल्लीच्या १९५८ च्या भाडे नियंत्रण कायद्यातून मासिक ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे १९८८ मध्ये वगळण्यात आली. महागाई वाढत गेली, तसतशी ही मर्यादा अधिकाधिक भाडेकरूंना बाहेर ढकलत गेली. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच ठेवली आहे, पण राज्यांनी स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणजे एक कायदा दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा दाराबाहेर उभे करतो.

टाळेबंदीची परीक्षा

२९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला : कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये, कामगारांना वा विद्यार्थ्यांना घर सोडायला भाग पाडल्यास कारवाई होईल. त्याच दिवशी दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की गरिबीमुळे भाडे देऊ न शकणाऱ्यांचे भाडे सरकार भरेल. प्रत्यक्षात पैसे न आल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत भाडेकरूंबरोबर एक घरमालकही होता, ही बाब महत्त्वाची. २२ जुलै २०२१ रोजी एकल न्यायपीठाने हे आश्वासन अंमलबजावणीयोग्य ठरवून सरकारला सहा आठवड्यांत निर्णय घेण्यास सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. ताण आला तेव्हा भाडेकरूच्या हाती ग्राहकाचा हक्क नव्हता. त्याला शासनाच्या शब्दावर विसंबावे लागले.

महाराष्ट्राचा अनुभव आणि त्याची मर्यादा

१९७२ नंतरच्या महागाईत महाराष्ट्राने वेगळी वाट चोखाळली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी केला. १९८६ चा कायदा येण्याच्या दहा-बारा वर्षे आधी ग्राहक संघटित झाला होता.

ही वाट मुनिरकाला जशीच्या तशी लागू पडणार नाही. खरेदीगट टिकले ते स्थिर पत्त्याच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कुटुंबांवर. दर ११ महिन्यांनी घर बदलणाऱ्या विद्यार्थ्याला शेजार जमायच्या आतच सामान बांधावे लागते. म्हणून त्याच्यासाठी संघटनेइतकीच कागदाचीही गरज आहे : भाड्याची पावती आणि विजेच्या दराची लेखी नोंद. दिल्लीच्या भाडे कायद्यात पावती देण्याचे बंधन आहे, पण ते ३,५०० रुपयांच्या आतील भाड्यांपुरतेच उरले आहे. ते सर्व भाड्यांना लागू करणे आणि अनामतीच्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे आणणे, या दोन दुरुस्त्या झाल्या, तर टंचाईच्या काळात भाडेकरूला आश्वासनाची वाट पाहत बसावे लागणार नाही.