पळणारा भीम

कादंबरीचे नाटक झाले की मूळ कादंबरीतले काय उरले आणि काय गळाले, याची आपण ताबडतोब चौकशी करतो. टीव्हीवरच्या मालिकेचा व्हिडिओ गेम झाला म्हणजे मात्र आपली समीक्षा गप्प बसते. तो पोरांचा विषय, असे म्हणून ती मोकळी होते. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण नाही. पण मी कादंबऱ्या लिहितो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मुलांना शिकवतो. या दोन्ही नात्यांनी मला हे मौन बरे वाटत नाही.

पाश्चात्त्य देशांत अशा खेळांची रीतसर परीक्षणे होतात. 'साउथ पार्क' या अमेरिकन मालिकेचेच उदाहरण घ्या. मालिका प्रौढांसाठी आणि पुष्कळच वाह्यात आहे, ती मुलांच्या हाती देऊ नये. पण तिच्यावरचे दोन खेळ ताडून पाहण्यासारखे आहेत. १९९८ सालच्या खेळात पात्रे तीच, आवाजही तेच. तरी तेच तेच शत्रू आणि तेच तेच संवाद यांबद्दल समीक्षकांनी त्याला बोल लावले. पुढे २०१४ साली 'द स्टिक ऑफ ट्रुथ' हा खेळ आला. मालिकेचे कर्ते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनीच त्याचे लेखन केले होते. आपण मालिकेच्याच एखाद्या भागात वावरतो आहोत असे वाटते, म्हणून त्याची वाखाणणी झाली. लढती सोप्या आहेत आणि खेळ लवकर संपतो, ही तक्रार राहिलीच.

या परीक्षणांतली कसोटी मुख्यतः साम्याची आहे. ती मला अपुरी वाटते. नायकाचा चेहरा उचलणे सोपे; त्याचा स्वभाव उचलणे कठीण. मालिकेत नायक जे करतो ते आपण पाहतो. खेळात ते आपल्या बोटांना करावे लागते. तेव्हा विचारायचे ते हे, की बोटांना दिलेले काम त्या नायकाच्या स्वभावातून आले आहे काय?

ही कसोटी आपल्या 'छोटा भीम'ला लावून पाहू. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनची, राजीव चिलका यांची ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. महाभारतातल्या भीमाचे नाव, बळ आणि भूक घेऊन तिने ढोलकपूर वसवले. चुटकी, राजू, जग्गू माकड, हेवा करणारा कालिया हे त्याचे सवंगडी. लाडू खाऊन भीमाला बळ येते, आणि ते बळ बहुधा दुसऱ्याच्या संकटात खर्च होते. पुढे त्याच्यावर मोबाइलचे खेळ निघाले. 'जंगल रन', 'स्पीड रेसिंग' ही नावेच त्यांचे स्वरूप सांगतात: धावा, उडी मारा, अडथळा चुकवा. त्यांचे मूल्यमापन होते ते मोबाइलच्या दुकानात. पाचांपैकी किती तारे, एवढाच निवाडा.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलगा मागे आजीजवळ राहतो. घरी पावरी बोलणाऱ्या या पोराला वाचन अजून जड जाते. पण हा खेळ त्याने माझ्या मोबाइलवर पाच मिनिटांत आत्मसात केला. अक्षर न वाचता खेळता येतो, हा या खेळाचा गुण मी नाकारणार नाही. खेळता खेळता त्याने विचारले,

"गुरुजी, भीम कोणाला वाचवायला पळतो?"

मला उत्तर देता आले नाही. हाक मारली की धावून येणारा भीम त्याच्या ओळखीचा होता. आईबाप सहा महिने दूर असलेल्या पोराला त्या भीमाचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळते. खेळातल्या भीमाला धाव होती, पण हाक नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने तोच खेळ पुन्हा मागितला, हेही सांगितले पाहिजे. खेळ बोटांना गुंतवतो, यात शंका नाही. पण त्या पोराचा प्रश्न ताऱ्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. तो समीक्षेने विचारायचा आहे, आणि खेळ रचणाऱ्यांनी ऐकायचा आहे.