लायलाचा शोध

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) या बोलपटाची चर्चा स्नानगृहातील खुनापाशीच घोटाळत राहते. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ मधील कादंबरीवर आधारलेल्या या कथेचे मर्म, आमच्या मते, त्या खुनानंतर आहे. मालकाचे चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेली मेरियन नाहीशी होते, आणि तिची बहीण लायला शोधास निघते. गुप्तहेरास रकमेची चिंता. हिला बहीण हवी आहे. मोटेलातील खोलीच्या शौचकूपात तिला आकडेमोडीचा एक कपटा सापडतो. मेरियन येथे उतरली होती, इतकेच ती त्यावरून ताडते. प्रेक्षक अधिक जाणतात: पश्चात्ताप पावून मेरियन परत जाण्याचे ठरवते, आणि मोटारीपायी खर्चलेल्या सातशे डॉलरांची वजाबाकी मांडते, तोच हा कागद. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ खुन्याच्या मनाची फोड करून सांगतो (ती आम्हांस अंमळ पाल्हाळिकच वाटली). मेरियनच्या पश्चात्तापाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही; तो ठाऊक असणारे लायलापाशी कोणी नाहीच. हे मौन दिग्दर्शकाने बुद्ध्याच राखले असावे, कारण ती वजाबाकी त्याने आम्हांस अगदी जवळून दाखविली आहे.