किरल उत्प्रेरकांचे मूल्यमापन : ई.ई.च्या पलीकडे

असममित संश्लेषणाच्या अध्यापनात किरल उत्प्रेरकाचे यश बहुधा एकाच आकड्याने सांगितले जाते. तो आकडा म्हणजे एनँशिओमेरिक एक्सेस, अर्थात ई.ई. परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असणाऱ्या दोन रूपांपैकी एक रूप दुसऱ्यापेक्षा किती टक्क्यांनी अधिक मिळाले, याचे हे माप होय. हे माप आवश्यक आहे. परंतु केवळ त्यावरून उत्प्रेरकाची गुणवत्ता ठरविणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अल्प प्रमाणात राहून पुनःपुन्हा कार्य करणे, हा उत्प्रेरकाचा मूलधर्म आहे. कात्सुकी व शार्पलेस यांनी १९८० मध्ये मांडलेल्या ॲलिलिक अल्कोहोलांच्या इपॉक्सिडीकरणात ई.ई. अनेकदा ९० टक्क्यांहून अधिक मिळे. मात्र टायटॅनियम-टार्ट्रेट संकुल बहुधा मूळ अल्कोहोलाच्या बरोबरीने लागे. १९८६ मध्ये पाणी शोषणाऱ्या मोलेक्युलर सिव्हच्या वापराने हे प्रमाण ५ ते १० टक्क्यांवर आले. ई.ई. वाढले नाही, तरी पद्धतीचे व्यावहारिक मूल्य पालटले.

मेटोलाक्लोर या तणनाशकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीच्या संशोधनातून सुरू झालेल्या उत्पादनात इरिडियम उत्प्रेरकाने सुमारे ८० टक्के ई.ई. मिळते. पाठ्यपुस्तकी निकषाने हा आकडा मध्यम ठरेल. परंतु येथे उत्प्रेरकाचा एक रेणू दहा लाखांहून अधिक रेणू घडवितो. शिवाय तणनाशकात उरलेले दुसरे रूप घातक ठरत नाही. औषधात अशी सवलत देता येत नाही.

याउलट लिस्ट, लर्नर व बार्बास यांनी २००० मध्ये मांडलेल्या प्रोलिन-उत्प्रेरित आल्डॉल अभिक्रियेतील पहिल्या उदाहरणात ७६ टक्के ई.ई. व ६८ टक्के उत्पादन मिळाले. त्यासाठी उत्प्रेरक ३० मोल टक्के लागला. म्हणजे प्रोलिनच्या एका रेणूमागे जेमतेम दोन-सव्वादोन रेणू घडले. तथापि प्रोलिन स्वस्त व बिनविषारी असून त्यात धातू नाही. लिस्ट व मॅकमिलन यांना २०२१ मध्ये मिळालेल्या नोबेल पुरस्कारामागे या नव्या दिशेचे महत्त्व आहे. मात्र धातूचा अभाव म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही प्रक्रिया, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. द्रावकाचा व ऊर्जेचा हिशेबही मांडावा लागतो.

ई.ई. हा अंतिम शब्दही नव्हे. नोल्स यांच्या ऱ्होडियम उत्प्रेरकाने एल-डोपाच्या पूर्वगामी संयुगात सुमारे ९५ टक्के ई.ई. मिळाले, उरलेली अशुद्धी स्फटिकीकरणाने दूर करता आली.

तात्पर्य, ई.ई.सोबत उत्प्रेरकाचे प्रमाण, त्याची आवर्तनसंख्या, शुद्धीकरणाची सोय आणि उत्पादनाचा उपयोग यांचा एकत्र विचार व्हावा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे परीक्षण करताना हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर ते आकडे पाठ करतील. उत्प्रेरण मात्र त्यांना उमगणार नाही.