धुरंधरांचे हंगामी पद

अंजनगाव सुर्जीहून मुंबईला चित्रप्रदर्शन पाहायला जायचे, तर आधी एस.टी.ने अकोला गाठायचे आणि तिथून रात्रीची रेल्वे धरायची. २०१८ साली रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासाठी मी तो प्रवास केला. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतील वास्तूत, म्हणजे जुन्या सर कावसजी जहांगीर सभागृहात, सुहास बहुळकर यांनी ते प्रदर्शन मांडले होते. तैलचित्रे, जलरंग, रेखाटने आणि पोस्टकार्डे पाहत मजले चढताना चित्रांपेक्षा माझीच एक जुनी चूक मला अधिक टोचत होती.

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी धुरंधरांना ‘जे. जे. स्कूलचे पहिले भारतीय संचालक’ म्हटले आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. माझ्या नावापुढे पदवी नाही. कदाचित म्हणूनच दुसऱ्यांच्या पदांचे मला अप्रूप वाटत आले. मुंबईहून परतल्यावर मात्र सनावळी शेजारी शेजारी लिहून काढली.

धुरंधरांचा जन्म १८६७चा, कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते जे. जे.त विद्यार्थी म्हणून दाखल झाले, १८९६ पासून तिथेच शिकवू लागले. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन संस्थेचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा धुरंधरांच्या अध्यापनाला तेवीस वर्षे झाली होती. संचालकपद त्यांच्या वाट्याला आले ते १९३० मध्ये, तेही हंगामी. १९३१च्या जानेवारीत ते निवृत्त झाले. त्यानंतरही काही वर्षे संस्थेची सूत्रे सॉलोमन यांच्याकडेच होती.

बिरूद खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबलो, की अधिकार नाकारणारी व्यवस्थाच उदार वाटू लागते. एवढ्या अनुभवी शिक्षकाला ही खुर्ची निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि तात्पुरती का मिळाली, हा प्रश्न ‘पहिले’ या शब्दाखाली झाकला जातो.

धुरंधरांनी स्वतः काय मोजले? १९४०च्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे. शीर्षकात पद नाही, वर्षे आहेत. आणि ती मोजताना विद्यार्थिदशाही वगळलेली नाही.

त्या वर्षांत शिकवण्याच्या जोडीने त्यांनी काय काय काढले! मुंबईचे पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांच्या शहरवर्णनाच्या पुस्तकासाठी (१९१२) चित्रे काढली. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या (१९१४), त्यांनाही चित्ररूप धुरंधरांनीच दिले. माझी आजी श्रावणात आदितवारची कहाणी सांगायची, तेव्हा हाती अक्षता देऊन आम्हाला गप्प बसवायची. त्या कहाणीतल्या बायकांना इंग्रजी वाचकांसाठी चेहरे देणारा हात मराठी शिक्षकाचा होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. ही चित्रे पुस्तकांतून आणि पोस्टकार्डांतून हातोहात फिरत राहिली. त्यांना कुणाच्या नेमणुकीची गरज नव्हती.

चित्रकाराचे आयुष्य मांडणाऱ्या प्रदर्शनाची आणि लेखाचीही कसोटी मला इथे दिसते. मानसन्मान सांगावेत, पण ते किती उशिरा आणि किती काळासाठी मिळाले, हेही त्याच ओळीत सांगावे.

माझ्या जुन्या लेखाच्या प्रतीत आता ‘संचालक’च्या आधी ‘हंगामी’ लिहिले आहे. छापलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत. म्हणून ही दुरुस्ती इथे.