टेपरचा पेपर : साडेपाच मिनिटं नेमकी कोणाची?

"अगं, तू ते पेपर-बिपर वाचतेस ना? मग सांग, रविवारी एक बत्तीस मारून टाकू का?"

शेजारच्या काकूंचा हा प्रश्न. बत्तीस म्हणजे ३२ किलोमीटर. मराठा विद्या प्रसारक समाजाची, म्हणजे आपल्या मविप्रची मॅरेथॉन जानेवारीत असते आणि तेव्हा ती फक्त दहा दिवसांवर आली होती. काकूंची ही दुसरी पूर्ण मॅरेथॉन. आदल्या वर्षी त्या चौतिसाव्या किलोमीटरला बसल्या होत्या, त्यामुळे यंदा जिद्द होती. पण डिसेंबरात आधी घरात लग्न निघालं, मग ताप आला, आणि दोन लांब धावा बुडाल्या. गंगापूर रोडवर, जेहान सर्कलपासून आनंदवल्ली, सोमेश्वरकडे पहाटे धावणारी मंडळी तेव्हा अंतर कमी करत होती, आणि काकूंना मात्र बुडालेलं भरून काढायचं होतं.

मी काय केलं? व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक आकडा मला आठवला. त्या पेपरचा सारांश उघडला आणि ठणकावून सांगितलं, "काकू, तीन आठवडे आधीपासून कमी करायचं असतं. साडेपाच मिनिटं वाचतात." काकू म्हणाल्या, "दहा दिवस उरलेत, तीन आठवडे कुठून आणू?"

मी गप्प. त्या रात्री पेपर पुन्हा, या वेळी नीट वाचला. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'एका शोधनिबंधाचं टीकात्मक वाचन करा' असा स्वाध्याय असतो, आणि बरेच जण तिथे सारांशाचा सारांश लिहून मोकळे होतात. मी तेच केलं होतं, फक्त तोंडी. म्हणून हा स्वाध्याय इथे पुन्हा करते आहे.

आधी काय माहीत होतं

टेपर म्हणजे निमुळतं होत जाणं. शर्यतीआधीच्या दिवसांत सरावाचं प्रमाण ठरवून कमी करत नेणं. यामागची कल्पना सोपी आहे. १९७५ मध्ये बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी ती गणिती रूपात मांडली : सरावाने दोन गोष्टी होतात, दम वाढतो आणि थकवा साचतो. थकवा लवकर ओसरतो, कमावलेला दम हळू ओसरतो. सराव कमी केला की मधे एक अशी खिडकी मिळते, जिथे थकवा गेलेला असतो आणि दम शिल्लक असतो. शर्यत त्या खिडकीत पडली पाहिजे.

मग प्रयोग झाले. १९९२ मध्ये शेपली आणि सहकाऱ्यांनी मध्यम पल्ल्याच्या नऊ धावपटूंना आलटून पालटून तीन प्रकारचे टेपर दिले. अंतर खूप कमी पण वेग तोच, हा एक. अंतर मध्यम आणि वेगही कमी, हा दुसरा. पूर्ण विश्रांती, हा तिसरा. ट्रेडमिलवर थकेपर्यंत टिकण्याचा वेळ पहिल्या प्रकारात २२ टक्क्यांनी वाढला. पूर्ण विश्रांतीचा काही फायदा दिसला नाही. १९९४ मध्ये हौमर्ड आणि सहकाऱ्यांनी सात दिवसांत अंतर ८५ टक्के कमी केलं, थोडं वेगाचं काम ठेवलं, आणि ५ किलोमीटरची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. २००७ मध्ये बोस्के आणि सहकाऱ्यांनी १८२ अभ्यास चाळून त्यांतले २७ निवडले आणि एकत्र मोजले. निष्कर्ष : दोन आठवडे, अंतरात ४१ ते ६० टक्के घट, पण वेग आणि आठवड्यातले दिवस कमी करायचे नाहीत.

आता यातली उणीव बघा. शेपलींचे धावपटू नऊ, आणि मोजलं ते १५०० मीटरच्या वेगाने टिकणं. ट्रेडमिलवर २२ टक्के जास्त टिकणं म्हणजे शर्यतीत २२ टक्के वेगाने धावणं नाही. दोन्ही टक्केच असले तरी मोजलेली वस्तू वेगळी आहे. बोस्केंच्या २७ अभ्यासांत पोहणारे आणि सायकलपटूही आहेत. नोकरी, घर, लग्नकार्य सांभाळून पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणारी बाई यांत शोधून सापडत नाही.

नवा पेपर, मोठा आकडा

ही पोकळी भरायला २०२१ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या बॅरी स्मिथ आणि एंगस लॉलर यांचा पेपर आला, 'फ्रंटियर्स इन स्पोर्ट्स अँड अॅक्टिव्ह लिव्हिंग' या नियतकालिकात. त्यांनी स्ट्राव्हा या अॅपवरच्या दीड लाखाहून जास्त हौशी धावपटूंच्या नोंदी घेतल्या. शेवटच्या आठवड्यांत कोणी किती अंतर कमी केलं, त्यावरून टेपरचे प्रकार पाडले. दर आठवड्याला अंतर उतरतच गेलं तर तो शिस्तीचा टेपर. मधे पुन्हा चढलं तर सैल. तीन आठवड्यांचा शिस्तीचा टेपर सर्वांत चांगल्या वेळांशी जोडलेला दिसला. अगदी जुजबी टेपर करणाऱ्यांच्या तुलनेत मध्यक फायदा ५ मिनिटं ३२ सेकंद, म्हणजे २.६ टक्के. स्त्रियांमध्ये फायदा पुरुषांपेक्षा जास्त दिसला. बहुसंख्य धावपटूंचा टेपर सैलच होता.

पेपर चांगला आहे, हे आधी मान्य करू. नऊ जणांवरून दीड लाखांवर जाणं सोपं नाही. हौशी माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे प्रयोगशाळेत कधीच कळलं नसतं. लेखक फायद्याशी 'निगडित' असा जपून निवडलेला शब्दही वापरतात. व्हॉट्सअॅपवर उरतं ते फक्त 'वाचतात', आणि त्या दिवशी माझ्या तोंडीही तेच होतं.

पहिली हरकत : नोंद म्हणजे निर्णय नव्हे

घड्याळात नोंदलं जातं ते अंतर. ते अंतर का कमी-जास्त झालं, ते नोंदलं जात नाही. आता काकूंना त्या दीड लाखांत बसवून बघा. डिसेंबरात ताप, अंतर खाली. मग रविवारी बत्तीस मारले, अंतर वर. पेपरच्या व्याख्येने हा टेपर सैल. शर्यतीत वेळ वाईट आली तर ती सैल टेपरच्या खात्यात जमा होणार. पण खरं कारण डिसेंबर असू शकतं! तापानेच टेपर बिघडवला आणि तापानेच वेळ बिघडवली. दोघांत नातं दिसेल, पण एकाने दुसऱ्याला घडवलेलं नसेल.

उलट बाजूही आहे. तीन आठवडे पायरीपायरीने उतरणारा माणूस बहुधा आधीचे चार महिनेही आखून धावलेला असतो, झोपेची काळजी घेतो, सुरुवातीला वेगाने सुटत नाही. शिस्त हा एका आठवड्याचा गुण नसतो. संशोधक सारख्या क्षमतेच्या धावपटूंची तुलना करू शकतात, पण बरोबरी होते ती नोंदीत असलेल्या गोष्टींची. ताप, लग्न, झोप, ऑफिसची रात्रपाळी यांचा रकानाच नसेल तर दीड लाखांचे दहा लाख केले तरी तो रकाना तयार होत नाही. मोठ्या सॅम्पलने यदृच्छेने येणारी चूक कमी होते, एकाच बाजूला झुकणारी चूक तशीच राहते. संशोधनाला बसण्याआधी एवढं एक वाक्य वहीत लिहून ठेवा.

दुसरी हरकत : रेषेवर न पोचलेले कुठे आहेत?

वेळ असते ती शर्यत पुरी करणाऱ्याची. टेपरमध्ये गुडघा दुखावून जो घरी बसला, त्याला अंतिम वेळ नाही, म्हणून तो तुलनेत नाही. शेवटच्या आठवड्यांतल्या जास्तीच्या धावण्याने दुखापत होत असेल, तर तिचे खरे बळी या आकड्यातून गळलेले असणार. म्हणजे ५ मिनिटं ३२ सेकंद हा आकडा टेपरचा फायदा वाढवूनही सांगत असेल (पहिल्या हरकतीमुळे) आणि कमी करूनही (या हरकतीमुळे). टीका करताना आपण नेहमी 'हे फुगवलेलं आहे' या एकाच दिशेने बोट दाखवतो. चूक कोणत्या दिशेला ढकलते, हे प्रत्येक वेळी वेगळं विचारायला हवं.

तिसरी हरकत : हा आकडा काकूंचा आहे का?

एक साधा हिशोब करा. ५ मिनिटं ३२ सेकंद जर २.६ टक्के असतील, तर मूळ वेळ ढोबळमानाने साडेतीन तासांच्या आसपास निघते. (मध्यकांचं गणित अगदी असं चालत नाही, पण अंदाजाला पुरे.) काकू पाच तासांच्या धावपटू. त्यांच्या पाच तासांचे २.६ टक्के म्हणजे जवळजवळ ८ मिनिटं, असं म्हणायचा मोह होतो. पण टेपर साचलेला थकवा काढतो. आठवड्याला ८० किलोमीटर धावणाऱ्याकडे काढण्यासारखं बरंच साचलेलं असतं. आठवड्याला ४० करणाऱ्या, त्यातही डिसेंबरात निम्मं बुडालेल्या काकूंकडे किती साचलं असेल? ताटात वाढलेलंच नाही, ते कमी काय करायचं?

आणि मध्यक म्हणजे सगळे नव्हेत. एकाच धावपटूच्या दोन शर्यतींत किती फरक पडतो, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांची वेळ होती २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद. जवळजवळ २१ मिनिटांचा फरक, सहा महिन्यांत, एकाच कसलेल्या धावपटूच्या वेळेत. हवा, मार्ग, तब्येत, स्पर्धेचा रंग अशा कितीतरी गोष्टी मधे येतात, आणि त्यातलं कोणतं किती, हे दोन वेळांवरून कोणीच सांगू शकत नाही. अशा चढउतारांत साडेपाच मिनिटं समूहात दिसतात, एका माणसात दिसतीलच असं नाही.

मग पेपर फेकून द्यायचा?

नाही. टीकेचा शेवट 'पुढील संशोधनाची गरज आहे' या वाक्याने करून पळ काढायची सवय आपल्याला असते, पण काकूंना रविवारी सकाळी काय करायचं ते ठरवायचंच होतं. दोन्ही प्रकारचे अभ्यास शेजारी ठेवा. प्रयोगशाळेत माणसं थोडी, पण टेपर संशोधकाने ठरवून दिलेला. तिथे तापाने आकडा बिघडवण्याची भीती कमी. स्ट्राव्हात नियंत्रण नाही, पण माणसं खरी, शर्यत खरी. एकाची उणीव दुसऱ्याची नाही. इतक्या वेगळ्या उणिवांचे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर दिशेवर विश्वास ठेवावा. मिनिटांवर ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंकडे गेले आणि आधी सांगितलं की काल मी नीट न वाचताच बोलले होते. मग म्हटलं, "काकू, बत्तीस नका मारू. साडेपाच मिनिटांसाठी म्हणून नाही. दहा दिवसांत एका लांब धावेचा दम अंगी मुरत नाही, त्याला आठवडे लागतात. थकवा मात्र दुसऱ्या दिवशीच हजर. मिळायचं जवळजवळ काही नाही आणि जायचं नक्की आहे."

"मग नुसती बसून राहू?"

"बसूनही नका राहू. नेहमीच्या दिवशी निघा, अंतर निम्म्यावर आणा, मधे थोडं तुमच्या शर्यतीच्या वेगाने धावा. शेवटचे दोन-तीन दिवस भात, भाकरी, बटाटा जरा जास्त. वजन किलोभर वाढलं तर घाबरू नका. स्नायूंत साठणारं ग्लायकोजेन आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं."

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे डिसेंबर गेला तो गेलाच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठल्याच पेपरात नाही. टेपर गेलेला सराव परत आणत नाही. झालेला सराव शर्यतीपर्यंत शाबूत नेतो, एवढंच. गेल्या वर्षीच्या चौतिसाव्या किलोमीटरचं काय होणार, हे बरंचसं आधीच ठरून गेलं होतं, आणि हे त्यांना सांगणं 'साडेपाच मिनिटं वाचतात' म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

रविवारी त्या बारा किलोमीटर धावून परत आल्या. शर्यतही धावल्या. त्यांची वेळ मी इथे मुद्दाम देत नाही. चांगली आली असती तर तुम्ही म्हणाला असता पेपर बरोबर, वाईट आली असती तर चूक. एका काकूंवरून दोन्ही ठरत नाही.

तुमच्यासाठी स्वाध्याय : तुमच्या विषयातला, ज्याचा आकडा सगळे तोंडपाठ म्हणतात असा एक पेपर घ्या. तीन प्रश्न लिहा. जे मोजलं त्यामागचं कारण नोंदलं गेलं आहे का? कोण गळलं आणि त्यामुळे आकडा कुठे झुकला? हा आकडा ज्याला सांगायचा, तो माणूस त्या पेपरात आहे का? उत्तरं कमेंटमध्ये टाका. आणि कृपा करून आधी पूर्ण पेपर वाचा. मी नव्हता वाचला.