स्वमग्नता व अतिचंचलता यांविषयीचे मराठी मार्गदर्शन : एक भाषिक परीक्षण

ज्या मुलांच्या ठिकाणी ऑटिझम अथवा एडीएचडी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अवस्था आढळतात, त्यांच्या पालकांसाठी व शिक्षकांसाठी मराठीत लिहिल्या जाणाऱ्या पुस्तिका, प्रश्नावल्या आणि सूचनापत्रे यांची संख्या अलीकडे वाढली आहे. या वाङ्मयाचे परीक्षण आजवर वैद्यकाच्या व मानसशास्त्राच्या अंगाने होत आले. परंतु त्यातील बराचसा भाग इंग्रजीतून आलेला आहे आणि ज्या लक्षणांची त्यात चर्चा असते त्यांपैकी कित्येक लक्षणे मुळात भाषेचीच लक्षणे आहेत. म्हणून भाषाभ्यासकानेही या लेखनाकडे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम नावाचा विचार करू. ‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर याने प्रौढांच्या स्किझोफ्रेनियाच्या वर्णनासाठी घडविली. ग्रीक ‘आउतोस्’ म्हणजे ‘स्व’ हे तिचे मूळ. लिओ कॅनर याने १९४३ साली अकरा मुलांचे वृत्तान्त प्रसिद्ध करताना हीच संज्ञा उचलली आणि हान्स आस्पेर्गर याने १९४४ मध्ये व्हिएन्नात स्वतंत्रपणे तिचाच आश्रय घेतला. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्द या मुळाशी प्रामाणिक आहे, यात शंका नाही. अडचण आहे ती ‘मग्न’ या पदाची. मराठीत माणूस कामात मग्न असतो, ध्यानात मग्न असतो, सुखात मग्न असतो. या प्रत्येक प्रयोगात स्वेच्छेची व क्वचित समाधानाचीही छटा आहे. मूल स्वतःत रमले आहे आणि हाक मारली की बाहेर येईल, असा समज या शब्दाने सहज होतो. मूल बाहेर का येत नाही, असा प्रश्न मग आईला विचारला जातो. आईच्या थंडपणामुळे हा दोष उद्भवतो या मताने १९५० व १९६० या दशकांत पाश्चात्त्य देशांतील असंख्य कुटुंबांना अपराधी ठरविले. बेट्टेलहाइमने १९६७ साली त्याचाच पुरस्कार केला. वास्तविक बर्नार्ड रिमलँडने १९६४ मध्येच जैविक कारणांची बाजू सप्रमाण मांडली होती आणि पुढील संशोधनाने ती दृढ झाली. हे मत शास्त्रातून गेले. शब्दाच्या छटेतून ते पुन्हा आत येऊ नये, याची काळजी मराठी लेखकाने घ्यावयास हवी. शब्द बदलण्याची आता गरज नाही, तो रूढ झाला आहे. परंतु पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ‘ही मग्नता मुलाने पत्करलेली नसते’ एवढे वाक्य असणे अवश्य आहे. बहुतेक ठिकाणी त्याऐवजी व्युत्पत्ती दिलेली असते, आणि तीच गैरसमज पक्का करते.

दुसऱ्या संज्ञेची स्थिती याहून चमत्कारिक आहे. ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता’ हे भाषान्तर शब्दशः बिनचूक असूनही वस्तुस्थितीचे वर्णन करण्यात उणे पडते. असे मूल आवडीच्या उद्योगात तासन्‌तास गुंतू शकते. त्याच्याजवळ अवधान कमी असते असे नसून अवधानाचे नियमन त्याला साधत नाही. हा दोष मूळ इंग्रजी नावाचाच आहे, त्याबद्दल मराठी भाषान्तरकाराला बोल लावता येणार नाही. मात्र घराघरांत या मुलांसाठी जे शब्द आधीपासून आहेत, म्हणजे वांड, द्वाड, हूड, खोडकर, त्यांचा परामर्श पुस्तिका घेत नाहीत, ही उणीव मराठी लेखकांची होय. आजी नातवाला ‘द्वाड’ म्हणते तेव्हा ती लक्षण सांगत नसून निवाडा देत असते. शास्त्रीय संज्ञा या निवाड्याच्या जागी यावयाची असेल तर प्रथम तो निवाडा नाव घेऊन खोडावा लागेल.

या वाङ्मयातील सर्वांत सदोष भाग भाषिक लक्षणांच्या वर्णनाचा आहे. कॅनरच्या मुलांपैकी काही मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारीत, आणि स्वतःविषयी ‘तू’ व दुसऱ्याविषयी ‘मी’ म्हणत. पहिल्या प्रकारास प्रतिध्वनी-भाषण व दुसऱ्यास सर्वनाम-विपर्यय म्हणता येईल. दोन्ही एकाच मुळाची फळे आहेत हे कॅनरनेच ओळखले होते. मूल वाक्य अखंड उचलते, म्हणून त्यातील सर्वनामही मूळ वक्त्याच्याच दृष्टीचे राहते. येस्पर्सनने ‘शिफ्टर’ या नावाने वेगळा काढलेला आणि याकोब्सनने १९५७ मध्ये विस्ताराने विवेचिलेला शब्दवर्ग येथे कसोटीला लागतो. बोलणारा बदलला की ज्यांचा निर्देश बदलतो असे हे शब्द होत. ज्याला वाक्याचे तुकडे करता येत नाहीत त्याला तेच सर्वांत दुर्गम असावेत, हे स्वाभाविक आहे.

इंग्रजीत सर्वनाम वाक्यात बहुधा उच्चारावेच लागते, त्यामुळे विपर्यय तत्काळ कानावर येतो. मराठीचे तसे नाही. आई विचारते, ‘पाणी पाहिजे का?’ मूल म्हणते, ‘पाणी पाहिजे का?’ येथे उलटण्यासाठी सर्वनामच नाही. प्रतिध्वनी ओळखू येतो तो ‘का’ या शेपटावरून. ‘जेवतोस का?’ या प्रश्नाला ‘जेवतोस’ असे उत्तर आले तर विपर्यय सर्वनामात नसून क्रियापदाच्या प्रत्ययात आहे. आईच्या ‘मी येते’चा पडसाद म्हणून मुलगाही ‘मी येते’ म्हणत राहिला, तर तेथे पुरुष बरोबर आणि लिंग चुकलेले असते. याच्या जोडीला मराठी घरांची बोलण्याची रीत लक्षात घ्यावी. आई स्वतःला ‘आई देते हं’ असे तृतीय पुरुषात संबोधते, मुलाला ‘बाळ जेवणार ना?’ म्हणून विचारते. लाडक्या मुलीला ‘काय रे सोन्या’ अशी पुल्लिंगी हाक मारली जाते. शिवाय ‘आपण’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला सामावून घेते आणि ‘आम्ही’ त्याला वगळते. हा भेद इंग्रजीत नाहीच, तेव्हा इंग्रजी लक्षणसूचीत त्याची दखल असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘इसा’ ही मापनश्रेणी चाळीस विधानांची असून तीत प्रतिध्वनी व सर्वनाम-विपर्यय यांना स्वतंत्र स्थान आहे. मराठी मुलाची सर्वनामेच तेवढी मोजणारा परीक्षक प्रत्ययांकडे दुर्लक्ष करील, आणि ज्याला मराठी घराची रीत ठाऊक नाही तो लाडाच्या भाषेलाच लक्षण समजेल. मराठी मार्गदर्शिकेत या विषयाला दोनचार पाने मिळावयास हवीत. बहुधा एक ओळ मिळते, आणि तीही ‘मी’च्या जागी ‘तू’ या इंग्रजी उदाहरणाच्या छायेची.

प्रतिध्वनी हा निरर्थक चाळा आहे, तो बंद करावा, असा उपदेशही अजून आढळतो. कॅनरने १९४६ च्या लेखात दाखविले होते की अशा उद्गारांना ते प्रथम ऐकले त्या प्रसंगाचा खाजगी अर्थ चिकटलेला असतो. प्रिझान्ट व डुकन यांनी १९८१ साली तात्काळ प्रतिध्वनीची सात कार्ये वेगळी करून दाखविली. होकार देणे व आपली पाळी घेणे ही त्यांतलीच. ‘पाणी पाहिजे का?’ हीच त्या मुलाची मागणी असेल, तर तिला गप्प करणे म्हणजे त्याच्यापाशी असलेले एकमेव वाक्य काढून घेणे होय.

चाळणी-प्रश्नावल्यांत भाषान्तराचा दोष अधिक घातक ठरतो. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी सुधारित ‘एम-चॅट’ वीस प्रश्नांची आहे. त्यांपैकी सतरांत ‘नाही’ हे उत्तर, तर तीनांत ‘हो’ हे उत्तर चिंतेचे मानले जाते. रोजच्या आवाजांनी मूल अस्वस्थ होते काय, हा त्या तीनांपैकी एक. मराठी कार्यकर्ती सौजन्यापोटी विचारते, ‘आवाजाचा त्रास होत नाही ना?’ आई उत्तरते, ‘हो.’ मराठीत या ‘हो’चा अर्थ ‘बरोबर, होत नाही’ असा आहे. कागदावर मात्र नेमके उलटे उमटते. एकूण गुण दोन असतील तर धोका अल्प समजतात आणि तीन झाले की पुढील विचारपूस करावी लागते. एका ‘ना’ने ही सीमा ओलांडली जाऊ शकते. म्हणून प्रश्न छापून भागत नाही, तो कोणत्या शब्दांत विचारू नये हेही छापावे लागते.

ज्यांना वाणी नाही अशा मुलांसाठी बाँडी व फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये डेलावेअरमध्ये सिद्ध केलेली चित्रविनिमयाची पद्धती आपल्याकडेही वापरली जाते. तिच्या पुढच्या टप्प्यावर मूल पट्टीवर ‘मला हवे’ या अर्थाचे कार्ड लावून त्यापुढे वस्तूचे चित्र लावते. इंग्रजीत हे निर्वेध चालते. मराठीत मात्र चेंडू हवा, पोळी हवी, दूध हवे आणि लाडू हवेत. एकच कार्ड छापले तर चारांपैकी तीन वाक्ये अशुद्ध होतात, आणि चार छापली तर मुलाला मागणीपूर्वी व्याकरण शिकावे लागते. त्यातही क्रियापद वस्तूच्या मागून येते, पुढून नव्हे. ‘पाहिजे’ हे रूप लिंगानुसार बदलत नाही. वस्तूचे चित्र आधी आणि ‘पाहिजे’ नंतर, एवढ्या दोन कार्डांत स्वाभाविक मराठी वाक्य तयार होते, कर्त्याचीही जरूर पडत नाही. इतकी सोपी सोय हाताशी असता ‘मला हवे’ची पट्टी कायम राहावी, हे भाषान्तर करणाऱ्याने आपली भाषा न ऐकल्याचे द्योतक आहे.

उपदेशाच्या वाक्यरचनेवरही एक शेरा आवश्यक आहे. या पुस्तिका प्रयोजकांनी भरलेल्या असतात : बसवावे, म्हणवून घ्यावे, बोलावयास लावावे, नजर मिळवून घ्यावी. मूल त्यांत सदैव कर्मस्थानी. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने व रावळपिंडीतील संशोधकांनी मिळून केलेल्या चाचणीचा वृत्तान्त २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची दिशा याहून निराळी होती. तज्ज्ञ नसलेले प्रशिक्षित कार्यकर्ते पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रण करीत, ते पालकांसह पाहत, आणि मुलाने पुढाकार घेतलेला क्षण ओळखून त्याला प्रतिसाद कसा द्यावा हे दाखवीत. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळला आणि मुलांचा पुढाकार वाढला. परस्पर अवधानाचा काळ मात्र वाढला नाही, उलट घटला, हेही संशोधकांनी प्रांजळपणे नोंदविले. या पद्धतीची मराठी पुस्तिका लिहावयाची तर क्रियापदे ‘थांबावे’, ‘पाहावे’, ‘ऐकावे’ अशी येतील.

घरात एकच भाषा, आणि तीही शाळेची इंग्रजी, बोलावी हा सल्ला मुंबई-पुण्यातील व परदेशांतील मराठी कुटुंबांना अद्याप मिळतो. हॅम्ब्ली व फोम्बोन यांच्या २०१२ च्या अभ्यासात द्विभाषिक वातावरणातील स्वमग्न मुलांच्या भाषाविकासात अधिक विलंब आढळला नाही. ज्या भाषेत आई सहज बोलते, रागावते, अंगाई म्हणते ती काढून घेतल्यावर तिच्यापाशी मुलाशी बोलण्यासारखे फारसे उरत नाही, ही बाब सल्लागारांच्या ध्यानी येत नाही.

शासकीय साहाय्याची माहिती देणारी प्रकरणे त्या मानाने नेटकी असतात. एक घोटाळा मात्र वारंवार दिसतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ऑटिझमचा अंतर्भाव आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या एकवीस प्रकारांतही तो आहे. एडीएचडीचे नाव त्या एकवीसांत नाही. विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचे आहे. दोन्ही अवस्थांचा उल्लेख एकाच शीर्षकाखाली करून खाली सवलतींची यादी दिली की एडीएचडी असलेल्या मुलाचे पालक प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाच्या रांगेत जाऊन उभे राहतात आणि दिवसाच्या रोजावर पाणी सोडून परत येतात. शीर्षके दोन केल्याने हे टळू शकते.