गॅझेटियरमध्ये माझं खोरं शोधताना

आमचं गाव वेळवंड खोऱ्यात, तालुका भोर. पुण्यात शिकायला आलो तेव्हा गाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, “म्हणजे खंडाळ्याचा घाट तोच ना?” तो बोरघाट. भोरपासून बराच लांब, उत्तरेला. नावाचा हा घोळ इंटरनेटवरही आहेच. सुरुवातीला मी चिडून दुरुस्ती करायचो. मग वाटलं, आपल्याला तरी आपल्या तालुक्याबद्दल काय माहीत आहे? म्हणून मोबाईलवर जुन्या गॅझेटियरची पीडीएफ उघडली.

जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा अठरावा खंड १८८५ साली तीन भागांत आला. नद्या, डोंगर, पिकं, जाती, बाजार, शेतसारा, इतिहास आणि शेवटी गावांची यादी, अशी त्याची मांडणी. आज तो वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती त्याची मेहनत. दुसरी जाणवते ती त्याची नजर. ही सगळी माहिती राज्य चालवणाऱ्याला हवी म्हणून गोळा झाली आहे. कोणती जमीन किती सारा देईल, कोणत्या वाटेनं माल जाईल, कोणती माणसं कामाची आणि कोणती त्रासाची. तरीही हा ग्रंथ मला आवडतो, कारण साध्या गोष्टींची नोंद ठेवावी असं त्याला वाटतं. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांना बहुतेक वेळा तसं वाटत नाही.

पण माझं खोरं मला तिथे सलग सापडलं नाही. कारण भोर तेव्हा पुणे जिल्ह्यात नव्हतं. ते पंत सचिवांचं संस्थान. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आलं, त्यांच्या वंशाकडे हा मुलूख राहिला आणि १९४८ साली संस्थान विलीन झालं. गॅझेटियरच्या हिशेबात हे संस्थान साताऱ्याच्या जहागिरीत मोडत होतं. त्यामुळे भोरची माणसं आणि राजे साताऱ्याच्या एकोणिसाव्या खंडात गेले आणि भोरचं पाणी मात्र पुण्याच्या खंडात आलं.

पाणी पुण्याच्या खंडात आलं ते नीरा कालव्यामुळे. वेळवंडी नदीवर भाटघरला पहिलं धरण बांधलं गेलं ते १८८०च्या दशकात. पुढे १९२०च्या दशकात त्याच्या जागी मोठं धरण झालं, त्याला गव्हर्नर लॉईड यांचं नाव मिळालं. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. धरण संस्थानच्या खोऱ्यात, पाणी बारामती-इंदापूरकडच्या दुष्काळी इंग्रजी मुलखासाठी. एकाच नदीचा वरचा भाग एका पुस्तकात आणि खालचा दुसऱ्या पुस्तकात. ज्या ग्रंथात पाण्याचा हिशेब आहे त्यात जमीन गेलेली माणसं नाहीत. ज्यात माणसं आहेत त्यात पाण्याचा विषय आडबाजूला. ही चूक कुणी मुद्दाम केलेली नाही. कारभाराची हद्द हीच पुस्तकाची हद्द धरली की असं होतं. म्हणूनच ती मला जास्त गंभीर वाटते.

मे महिन्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं बुडालेलं शंकराचं देऊळ उघडं पडतं. त्याचे फोटो दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतात. आजी एसटीच्या खिडकीतून पाण्याकडे बोट दाखवून म्हणायची, “तिथं आपलं भाताचं खाचर होतं बघ.” तिनं स्वतः ते पाहिलेलं नव्हतं, सासऱ्यांकडून ऐकलं होतं. तिच्या या एका वाक्याला मावेल असं प्रकरण दोन्ही खंडांत नाही.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांकडून कसली अपेक्षा करायची? आपल्या माणसांनी लिहिलेलं वाच. तर तेही बघू.

आतून लिहिलेला सर्वांत महत्त्वाचा ऐवज म्हणजे रोहिड खोऱ्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांची कागदपत्रं. ‘जेधे शकावली’ लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजयंतीची तारीख मानतो, तिचा मोठा आधार भोर तालुक्यातल्या या घराच्या दप्तरात होता. ‘जेधे करीन्या’त अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूला उभे राहतात, तो प्रसंग येतो. शाळेत आपण तो स्वामीनिष्ठेचा प्रसंग म्हणून शिकलो. करीना मुळातून वाचला की कळतं, हा वतनाचा कागद आहे. शेजारच्या देशमुखांशी भांडणं, कुणाचा हक्क, कुणाचं रक्त सांडलं, याची ही कैफियत. त्यामुळेच ती खरी वाटते. खोऱ्यांची, गावांची नावं इथे घरच्यासारखी येतात. पण हे घर देशमुखाचं. त्याच खोऱ्यात नांगर धरणारा, भात लावणारी, गडावर लाकूड वाहणारा यांचा कागद कोणी लिहिला नाही. हक्क असेल तरच कैफियत लिहिली जाते.

तिसरा प्रकार दुर्गसाहित्य. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’नं कितीतरी पिढ्यांना राजगड-तोरण्याच्या वाटेला लावलं. मीही त्यातलाच. त्या प्रेमाबद्दल शंका नाही. प्रश्न त्यातून तयार झालेल्या सवयीचा आहे. त्यांच्यानंतर आलेल्या शेकडो ट्रेक-लेखांत, ब्लॉगांत, रीलमध्ये भोर-वेल्हे म्हणजे पायथा. रात्री देवळात झोपायचं, पहाटे चढायचं, खाली आल्यावर पिठलं-भाकरी खायची. पायथ्याचा माणूस एका परिच्छेदात येतो, तोही ‘भोळा’, ‘काटक’ आणि ‘मायाळू’ होऊन. त्याला मुंबईत माथाडी कामाला गेलेला भाऊ नसतो, जमीन विकायची की ठेवायची हा घरातला वाद नसतो. गडावरून दरी सुंदर दिसते, पण तिथून घरांतलं बोलणं ऐकू येत नाही.

वेल्ह्याच्या बाबतीत ही सवय थेट नावापर्यंत पोहोचली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली. याला हसण्यासारखं काही नाही. मागणी गावांतूनच होती आणि संस्थानच्या काळातही विचित्रगड, प्रचंडगड, राजगड अशी तालुक्यांना गडांचीच नावं होती. पण २०११च्या जनगणनेत जेमतेम ५४ हजार माणसांचा, जिल्ह्यातला सर्वांत कमी वस्तीचा हा तालुका पुणे शहराला काय देतो? पानशेत आणि वरसगाव. पुणेकर रोज सकाळी नळ सोडतात तेव्हा वेल्हेच त्यांच्या बादलीत पडतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पुरावर पुण्यात आठवणी, लेख, पुस्तकं आली आणि ती यायलाच हवी होती. मात्र आंबी आणि मोसे खोऱ्यांतून उठलेल्या गावांबद्दल मराठी वाचकाला विचारा, एक पुस्तक पटकन सांगता येणार नाही. शेजारच्या मुळशीचं तसं नाही. तिथे सेनापती बापट उभे राहिले, सत्याग्रह झाला, म्हणून ग्रंथही झाले. म्हणजे बुडालेल्या गावाला पुस्तकात यायचं तर आधी मोठा पुढारी लागतो.

१९५४ साली पुण्याच्या गॅझेटियरची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा भोर आणि वेल्हे दोन्ही पुणे जिल्ह्यात आले होते. दोन खंडांत फाटलेला मुलूख कागदावर एक झाला. त्यानंतरचं काम सरकारचं नव्हतं, आपलं होतं. त्या कामासाठी नवा इतिहासकार जन्माला यायची वाट बघायला नको. गॅझेटियरची मांडणी वाईट नाही, तीच घ्यावी. नदी, पीक, बाजार, वाट, देऊळ. फक्त प्रत्येक मथळ्याखाली आधी विचारावं, हे कुणी सांगितलं?

आजी गेली तेव्हा माझ्या फोनमध्ये राजगडाचे चारशे फोटो होते. तिच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं.